दोनशे सतरा नंबरचा मामा

बेरेझा, मंगळवार

...तर मी म्हणत होते की दोनशे सतरा नंबर, आणि तेवढ्यात तू "ओव्हनमध्ये काहीतरी करपतंय" म्हणून फोन ठेवलास. मामा, तुमचा ओव्हन ईस्टरपासून बंद आहे. मामीनंच आईला सांगितलंय. (आई मला सगळं सांगते आणि तू काहीच सांगत नाहीस, एवढाच तुम्हा बहीणभावांत फरक.) त्याच्या आदल्या रविवारी मी हा नंबर काढला तेव्हा तुझ्या दारात कुणीतरी आलं होतं. त्याच्याही आधी कुत्र्याला शिंका यायला लागल्या होत्या. म्हणून आता पत्र लिहितेय. पत्राच्या तोंडावर फोन आपटता येत नाही.

आता रीतसर सुरुवात करते. आदरणीय ओरेस्ट मामा (आदर आहे, पण तपास चालू आहे), तुझा डावा गुडघा कसा आहे? मामीला नवीन चष्म्याची सवय झाली का? कुत्रा बरा झाला ना, की तो कधी आजारी नव्हताच? आम्ही सगळे मजेत. इथे पहिला बर्फ पडून गेला, बाबांनी नेहमीप्रमाणे फावडं कुठे ठेवलं ते विसरून मग आईला विचारलं, आणि आईनं नेहमीप्रमाणे "मी काय फावड्याची राखणदार आहे का?" म्हणून ते दोन मिनिटांत काढून दिलं. बर्फावरच्या हॉकीची रिंक सुरू झाली. मी अजून तिथे बर्फ घासायची गाडी चालवते. त्या गाडीवर बसून गोल गोल फिरताना माणसाला विचार करायला खूप वेळ मिळतो, आणि सध्या मी फक्त तुझाच विचार करतेय. तू खूश होऊ नकोस, हा विचार पोलीस करतात तसला आहे.

माझं प्रोजेक्ट तुला माहीत आहे, पण मी सांगायला लागले की तू खिडकीबाहेर बघतोस, म्हणून परत सांगते. आपल्या सस्कॅचेवान प्रांतात जन्मलेला आणि मोठ्या लीगमध्ये एक मिनिट का होईना खेळलेला प्रत्येक माणूस. प्रत्येकाचं एक हॉकी कार्ड, च्युइंगमच्या पाकिटातून निघणारं, पुढे फोटो आणि मागे माहिती, आणि माणूस जिवंत असेल तर त्यावर त्याची सही. माझ्या यादीत सध्या पाचशे चौदा नावं आहेत. वर्षाला दहाएक धरली तर एकाहत्तराव्या वर्षी मी मोकळी. (आई म्हणते, "तोवर निदान दाताच्या डॉक्टरकडे तरी जाऊन ये.") नियम माझेच आहेत आणि कडक आहेत. अख्खा सेट एकदम घ्यायचा नाही, कॉम्प्युटरवरून मागवायचं नाही. कार्ड कुणाच्या तरी हातून यायला हवं, आपलं जादाचं देऊन त्याचं जादाचं घेऊन, कुणाचं तळघर आवरून देऊन, कसंही. मग ते खेळाडूला पोस्टानं पाठवायचं, सोबत तिकीट लावलेलं परतीचं पाकीट, आणि वाट बघायची. आत्तापर्यंत एकतीस झाली. लोक किती चांगले असतात रे! एका म्हाताऱ्यानं सहीसोबत शेतातले मसूर पाठवले. एकाच्या बायकोनं लिहिलं की हे वसंतात गेले, पण यांच्या चेकबुकात सही आहे ती कापून पाठवते. मी रडले. आई पण रडली, मग म्हणाली, "चेकवर रक्कम नव्हती ना?"

आणि हे सगळं सुरू कशावरून झालं? तुझ्या अकरा मॅचेसवरून. मी पाच वर्षांची असल्यापासून तू माझ्या बुटांच्या नाड्या आवळताना त्या अकरा मॅचेस सांगत आलायस. कुणी ढकललं, कोण पडलं, कोचनं कोणती शिवी दिली (ती शिवी मी शाळेत म्हटली आणि आईला बोलावून घेतलं गेलं). मग माझ्या वहीतला पहिला खण कुणाचा असणार? तुझा. शहात्तर-सत्याहत्तरची सिरीज, नंबर दोनशे सतरा, मेल्निचुक ओरेस्ट, लेफ्ट विंग. तो पहिला खण तीन वर्षं रिकामा आहे.

आधी वाटलं, घरात असेलच की. आजीचा अल्बम काढला. मामा, त्या अल्बममध्ये एका वासराचा फोटो आहे, खाली नाव आणि जन्मतारीख. जत्रेत बक्षीस मिळालेला भोपळा आहे, तो तर दोन बाजूंनी. पोटचा पोरगा मोठ्या लीगमध्ये खेळला, त्याचं कार्ड नाही! आईला विचारलं तर ती एकदम भांडी घासायला लागली. घासलेली भांडी. तेव्हाच माझ्या डोक्यात किडा शिरला की इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

मग मी यॉर्कटनला लिंडक्विस्टच्या दुकानात गेले. तू ओळखतोस त्याला, कार्डं आणि मासे पकडायचे गळ एकाच काउंटरवर विकतो तो. त्याच्याकडे साध्या, फारसं कुणी न मागणाऱ्या कार्डांची खोकी नंबरवार लावलेली असतात. मी बोट फिरवत गेले. दोनशे पंधरा, दोनशे सोळा, दोनशे अठरा. परत गेले. दोनशे सोळा, दोनशे अठरा. म्हटलं, "अहो, मधलं कुठे गेलं?" तर म्हणतो, "तीन होती. गेली." कुणी नेली? "गिऱ्हाइकाचं नाव आपण सांगत नसतो, पोरी." मी दहा मिनिटं त्याच्या सुनेच्या स्वयंपाकाबद्दल ऐकून घेतलं, तेव्हा तो विरघळला आणि म्हणाला, "नाव नाही सांगणार. पण उंच होता, मिशीवाला, आणि पिकअप दोन गाड्यांच्या जागेत आडवी लावून गेला." मामा, आख्ख्या प्रांतात उंच आणि मिशीवाले पुष्कळ असतील. गाडी आडवी लावणाराही एखादा असेल. पण तिन्ही गोष्टी एका माणसात? मी तेव्हाही तुझ्यावर संशय घेतला नाही. (घेतला. पण वहीत लिहिला नाही.)

त्यानंतर चर्चच्या हॉलमधलं सुगीचं जेवण. तिथे जुन्या वस्तूंच्या टेबलावर प्रोकोपेट्सबाईंच्या नवऱ्याची कार्डांची फाइल आली होती. माणूस गेला बिचारा, पण फाइल काय ठेवली होती! प्रत्येक कार्ड आपापल्या खिशात. मी शहात्तरचं पान उघडलं. दोनशे सतराचा खिसा रिकामा, आणि प्लास्टिकवर लोण्याचा ताजा अंगठा. कांदा परतलेलं लोणी. म्हणजे चोर बटाटा भरून उकडलेल्या पेरोग्या खाऊन आला होता, किंवा खाता खाता आला होता. मी थेट स्वयंपाकघरात. तिथे बारा बायका पेरोग्या दुमडत होत्या, आणि तुला माहीत आहे, आपल्या गावात कुणाच्या पोटात काय दुखतंय ते डॉक्टरच्या आधी त्या टेबलाला कळतं. मी फक्त एवढंच विचारलं, "आज ओरेस्ट मामा येऊन गेला का?" बारा जणींचे चोवीस हात थांबले. मग स्टेफा मावशी म्हणाली, "बाळा, आंबट क्रीम घेतलंस का?" मी म्हटलं, घेतलं. "अजून घे." मी म्हटलं, मावशी, मी काहीतरी विचारलं. तर दुसरी म्हणते, "किती वाळलीय पोर! त्या गाडीवर बसून बसून." तिसरीनं माझ्या तोंडात गरम पेरोगी कोंबली. मामा, मला गप्प करण्यात आलं. जीभ भाजली ती वेगळी.

तेव्हापासून मला सगळ्यांचाच संशय येतो. पोस्टमन माझ्याकडे जरा जास्तच प्रेमानं बघतो. फादर प्रवचनात "लोभ" म्हणाले तेव्हा त्यांची नजर आमच्या बाकावर होती. बाबा तर सरळ सुटलेच. म्हणाले, "मी या घरात लग्न करून आलोय, मला यात ओढू नका." यात म्हणजे कशात?

शेवटी मी आपल्या साप्ताहिकात जाहिरात दिली. 'दोनशे सतरा पाहिजे, बदल्यात काहीही देईन.' आठ दिवसांनी उत्तर आलं, टाइप केलेलं, सही 'डब्ल्यू. स्मिथ'. या स्मिथ गृहस्थांचं म्हणणं असं की हे कार्ड अत्यंत अपशकुनी आहे, ज्यांच्या घरी होतं त्यांच्या तळघरात पाणी शिरलं, सबब माझ्यासारख्या तरुण मुलीनं नादी लागू नये आणि त्याऐवजी स्टॅम्प जमवावेत. मी दोन मिनिटं घाबरलेसुद्धा. मग पाकीट उलटं केलं. मागे छापलेलं, तुमच्या गावचा डॉफिन कर्लिंग क्लब. मामा, त्या क्लबचा खजिनदार कोण आहे? आणि शेवटी त्यानं 'गुडघा सांभाळून' असं लिहिलंय. कुठला अनोळखी माणूस बावीस वर्षांच्या मुलीला गुडघा सांभाळायला सांगतो?

तर संशयित सापडला, पण कारण सापडेना. बर्फ घासता घासता मी तीन कारणं काढली. एक, तू भाव वाढायची वाट बघतोयस. (तुझ्या कार्डाला भाव? सॉरी मामा, पण लिंडक्विस्टनं ती एका गळाच्या बदल्यात दिली.) दोन, तूही गुपचूप हेच प्रोजेक्ट करतोयस आणि मला हरवणार आहेस. तिसरं कारण डोक्यात आलं आणि मी गाडी थेट कठड्यावर घातली. तिसरं म्हणजे, तू कधी खेळलाच नाहीस. कार्डावर नाव दुसऱ्याच कुणाचं, मॅचेस नाहीत, मी बुटांच्या नाड्यांपासून जे ऐकत आले ते सगळं तू मला लावलेली शेंडी.

ते दोन दिवस फार वाईट गेले. मी वहीला हातसुद्धा लावला नाही. कारण बघ, तूच खोटा असशील तर मी उरलेली एकोणपन्नास वर्षं हे कशासाठी करायचं? तिसऱ्या दिवशी मी लायब्ररीत जाऊन आकडेवारीचं ते विटेएवढं पुस्तक काढलं आणि उभ्यानंच पान शोधलं. मेल्निचुक ओ., अकरा मॅचेस, शून्य गोल, गोलासाठी दिलेला एक पास, चार मिनिटं पेनल्टी. मामा, गोलाचं शून्य बघून काही वाटलं नाही, पण ती चार मिनिटं बघून मला तिथेच हुंदका आला. माणूस गोल खोटे सांगेल, पण बाहेर बसवल्याची चार मिनिटं उगाच कोण लिहून घेईल? लायब्रेरियन म्हणाली, "कुणी गेलं का गं?" मी म्हटलं, नाही, सापडलं.

म्हणजे तू खेळलास आणि कार्डही तुझंच. मग लपवतोस काय?

तीन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारी रिंकच्या मागच्या शेडमधला पाण्याचा पाइप गोठला. लॉर्न कार्डिनल तुला माहीतच आहे, तीस वर्षं त्यानं इथला बर्फ केला, आता रिटायर आहे, पण पाइप अजून फक्त त्याचंच ऐकतो. त्याला बोलावलं. त्यानं पाइप शेकायला जुनं कपाट बाजूला ओढलं, आणि कपाटामागे भिंतीवर कार्डंच कार्डं, डिंकानं कायमची चिकटवलेली. माझी नजर आपोआप तुझं कार्ड शोधायला लागली आणि तिसऱ्या ओळीत ते सापडलं. तुझं नाव, तुझी टीम, लेफ्ट विंग. आणि वर फोटोत एक गोल चेहऱ्याचा, सोनेरी केसांचा, पुढचे दोन दात नसलेला, जगातला सगळ्यात खूश माणूस. तो तू नाहीस. तू कधीच एवढा खूश नव्हतास.

लॉर्ननं पाइप शेकणं उरकलं. मग म्हणाला, "आता बघितलंसच, तर ऐक." मी सिनॅमन बन पुढे केला आणि ऐकलं. फोटोवाला यायच्या सकाळी टीममधल्या जुन्या खोडांनी तुला, नवीन पोराला, गोलच्या जाळीची चावी आणायला पाठवलं. तू शेतातून गेलेला, तुला काय ठाऊक जाळीला चावी नसते! खालच्या मजल्यावरच्यानं वर पाठवलं, वरच्यानं तिकीट खिडकीवर, तिथून बॉयलरवाल्याकडे. आणि तुझ्या जागी, तुझी जर्सी घालून, त्या आठवड्यात फक्त सरावाला बोलावलेला एक जण फोटोला उभा राहिला. कार्डाच्या मागे छापायची माहितीही त्यानंच भरली. (लॉर्नला ते पाठ आहे: 'ओरेस्टला मोकळ्या वेळात ॲकॉर्डियन वाजवायला आवडतं.' तू तर लग्नात ॲकॉर्डियन सुरू झालं की पार्किंगमध्ये जाऊन बसतोस.) लॉर्नला हे सगळं तूच कधीतरी सांगितलंस म्हणे, आणि हेही की तू दुपारी परत आलास तेव्हा तुझ्या हातात खरोखरच एक चावी होती. त्यावर मी हसले. मग हसू थांबलं.

कारण पुढचं तो हळू बोलला. पुढच्या हिवाळ्यात कार्डं आली, तोवर तुला टीमनं परत पाठवलं होतं. आख्ख्या गावानं पाकिटं फोडली, दुकानातलं च्युइंगम संपलं, आणि आतून निघाला हा. लोक तुला रस्त्यात थांबवून म्हणायचे, "काय ओरेस्ट, दात कुठे विसरलास?" "कार्डावर बरा दिसतोस रे, घरी का असा येतोस?" सगळा हिवाळा. मग आजी उठली आणि घरोघरी गेली. एका कार्डाच्या बदल्यात घरी भाजलेला, बेरी भरलेला एक गोड 'पाय'. कुणी नाही म्हणालं नाही. आणि त्या दिवसापासून या गावात दोनशे सतरा नंबर कुणी उच्चारत नाही. कुणाच्या माळ्यावर एखादं निघालं तर गुपचूप तुझ्याकडे पोचतं. त्या बारा बायका चोर नव्हत्या मामा, त्या पहारा देत होत्या. चाळीसहून जास्त वर्षं. आणि मी जाहिरात दिली!

तरीपण एक प्रश्न मला सोडत नाहीये. मामी म्हणते, तुमच्या गॅरेजात बुटांची तीन खोकी आहेत, वर 'टॅक्स' लिहिलेली, आणि हात लावायची बंदी. एकदा तिनं झाकण उचललं तर आत सगळं प्लास्टिकच्या कव्हरांत, एकेक वेगळं. टॅक्सच्या कागदांना कुणी कव्हरं घालत नाही. जाळली असतीस तर समजलं असतं. फेकली असतीस तर समजलं असतं. कव्हरं का घातलीस?

असो. माझी काहीच मागणी नाही. सहज खुशाली विचारावी म्हणून लिहिलं. मामीला, कुत्र्याला आणि डब्ल्यू. स्मिथ यांना माझा नमस्कार सांग.

तुझी लाडकी (होते, आता माहीत नाही) भाची,
लेस्या

ता. क. लॉर्नवर चिडू नकोस. त्यानं फक्त एका बनसाठी तोंड उघडलं नाही, दोन खाल्ले.

ता. क. दुसरा. खरं सांगायचं तर मागणी आहे. एक कार्ड हवं. तीन खोक्यांतलं फक्त एक, कोपरा दुमडलेला असला तरी चालेल, आणि त्यावर तुझी सही. मी कुणाला दाखवणार नाही. पहिल्या खणात ठेवीन आणि तो खण हातानं झाकून वही दाखवीन, एकाहत्तराव्या वर्षापर्यंत.

ता. क. तिसरा. हे सांगू की नको असा चार दिवस विचार केला. तुझ्यावर संशय घेता घेता मीच तुझ्यामागे एक गोष्ट केलीय. लॉर्नला त्या फोटोतल्या माणसाचं नाव आठवलं, वेंडेल ट्रास्क. शेजारच्या मॅनिटोबा प्रांतात, ब्रँडनजवळ राहतो. मी त्याला पत्र टाकलं, परतीच्या पाकिटासकट. नऊ दिवसांत उत्तर आलं, चार पानी. (हो, तो ॲकॉर्डियन वाजवतो.) तो लिहितो, तीन दिवस सरावाला होता, चौथ्या दिवशी घरी पाठवलं, मोठ्या लीगमध्ये एक मॅचसुद्धा मिळाली नाही. जर्सी घातली ती गंमत म्हणून, छापतील असं वाटलं नव्हतं, आणि छापल्यावर तुला पत्र लिहायची हिंमत झाली नाही, ती अजून होत नाहीये. त्याच्याकडे ते एकच कार्ड होतं, फ्रेम करून लावलेलं, ते नदीच्या पुरात गेलं. त्याची नातवंडं म्हणतात, आजोबा थापा मारतात, ते त्या बर्फावर कधी उभेच नव्हते. मामा, हे वाचताना मला लायब्ररीत जायच्या आधीचे माझे ते दोन दिवस आठवले. तोही एकच कार्ड मागतोय, आणि तेही तुला विचारून. तो मॅनिटोबाचा, त्यामुळे माझ्या यादीत बसत नाही. पण शनिवारी आपल्या रिंकवर म्हाताऱ्यांची मॅच आहे, त्यासाठी मी त्याला बोलावलंय. त्याची मुलगी गाडीनं आणून सोडणार आहे. तुझंही नाव मी लावलंय, लेफ्ट विंगला. गुडघ्याला पट्टा मी आणीन, खोकी तू आण.

आणि आता खरंच मत दे, कारण नियम माझे असले तरी याला माझ्याकडे नियम नाही. त्यानं लिहिलंय की गरज पडली तर सही तोही करेल. कार्डावर नाव तुझं, चेहरा त्याचा, आणि सहीला जागा एकाचीच. मामा, शनिवारी मी पेन कुणाच्या हातात देऊ?